एका बाजूला गाऱ्हाणं, दुसऱ्या बाजूला वांदर

‘खेळ’ या शब्दानंच सगळा घोटाळा केला. स्पर्धेला ‘संगणक आज्ञावली लेखन’ असलं काहीतरी जाडजूड नाव दिलं असतं, तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण जाडजूड शब्दांचा मला तेव्हाही तिटकारा होता. मी कॉलेजच्या फळ्यावर खडूनं ठळक लिहिलं, ‘व्हिडिओ गेम तयार करण्याची स्पर्धा’, आणि दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममधले लोक माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायला लागले. “मॅडम, यंदा लगोरीचीपण घ्या,” असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. मी म्हटलं, घेते, पंच तुम्हीच व्हा, वाकता येत असेल तर.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात गणित शिकवत होते आणि कुठल्याशा योजनेतून आमच्याकडे तीन कॉम्प्युटर आले होते. कॉम्प्युटर म्हणजे दिसायला नुसता कीबोर्ड. त्याला घरचा टीव्ही जोडायचा आणि एक टेपरेकॉर्डर. लिहिलेलं टीव्हीच्या पडद्यावर दिसायचं, आणि जपून ठेवायचं असेल तर गाण्याच्या साध्या कॅसेटवर उतरवून घ्यावं लागायचं. वीज गेली की यंत्राच्या पोटातलं सगळं साफ. कॅसेटवर घेतलेलं तेवढं शिल्लक. ती कॅसेट कुणी कानानं ऐकली तर नुसती खरखर आणि चिरचिर ऐकू यायची, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी.

टीव्ही मी लोकांच्या घरून मागून आणले. त्यातला एक आमच्याच घरचा, त्यामुळे आई माझ्याशी दोन रविवार बोलली नव्हती. कॅसेटा ऑफिसनं दिल्या. त्याही कोऱ्या नव्हत्या. आदल्या वर्षीच्या गॅदरिंगनंतर पाहुण्यांना वाटायला म्हणून केलेल्या आणि पाहुण्यांनी न नेलेल्या. एका बाजूला नाचगाणी, दुसऱ्या बाजूला संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण. हेडक्लार्कनी मला बजावून सांगितलं, “गाणी पुसा, भाषणाला हात लावायचा नाही.” भाषणाच्या बाजूचा, कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा त्यांनी स्वतः मोडून ठेवला होता. तो मोडला की त्या बाजूवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही, बटण दबतच नाही. प्रत्येक गटाला अशी एकेक कॅसेट मिळाली. जास्तीची मागितली तेव्हा हेडक्लार्कनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचं दुपारचं जेवणच मागितलं.

स्पर्धेत मुलगी एकच होती. एफ.वाय.ची, संगमेश्वराच्या आतल्या गावातली, इथं आत्याकडे राहून शिकणारी. वर्गात कधी तोंड उघडायची नाही, आणि कीबोर्डसमोर बसली की तिच्या डोळ्याची पापणी हलायची नाही. तिचा खेळ होता वांदरांचा. आंब्याच्या झाडावर वांदर येतात, खाली राखणदार गलोल घेऊन इकडून तिकडे पळतो, आंबे संपायच्या आत सगळी वांदरं हाकलायची. मुलगे क्रिकेट नाहीतर मोटारी करत होते. हिनं स्वतःच्या परड्यातली वांदरं पडद्यावर आणली होती. वांदर एका फांदीवरून दुसरीवर उडी मारायच्या आधी क्षणभर अंग चोरतं, तेसुद्धा तिनं चार ठिपक्यांत पकडलं होतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं आणि मग मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. मी तीन वर्षं शिकवत होते, पण असं काही कुणी करून दाखवलं नव्हतं.

शिमग्याच्या सुट्टीच्या आधी ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ ओढणीचं टोक पिळत होती.

“मॅडम, आबांना स्पर्धेला बोलवू?”

“बोलव की. विचारायचं काय त्यात?”

मग तिनं सांगितलं. वडील मुंबईला. गिरणी बंद पडल्यापासून एका इमारतीवर वॉचमन. त्या इमारतीच्या खालीच व्हिडिओ गेमचं दुकान. शाळा बुडवून येणारी, घरातले पैसे चोरणारी, मारामाऱ्या करणारी पोरं हा माणूस रोज डोळ्यांनी बघत होता. आणि गावच्या कुणीतरी मुंबईत जाऊन त्याच्या कानावर घातलं होतं की तुझी पोरगी कॉलेजात गेम करते. त्यानं निरोप धाडला होता, हे वर्ष झालं की पुरे. जूनपासून मुंबईला मावशीकडे यायचं, तिथं पॅकिंगच्या कामाला लावतो.

“ते एकदा बघतील तर...” ती म्हणाली आणि पुन्हा ओढणी पिळायला लागली.

मला त्या न बघितलेल्या माणसाचा इतका राग आला, की तो समोर असता तर मी काहीतरी बोलून बसले असते आणि तिचं होतं-नव्हतं तेही गेलं असतं. बरं झालं तो मुंबईत होता. मी तिला म्हटलं, “बोलव. शिमग्याला येतीलच ना गावाला. परत जाताना इथं यायला सांग.”

तिच्या वडिलांची मुंबईची एस.टी. संध्याकाळी रत्नागिरीहून होती आणि स्पर्धा त्याच दिवशी. तेव्हा जे काय व्हायचं ते त्या एका दिवसात, त्या गाडीच्या आधी.

शिमगा म्हणजे आमच्याकडे काय, हे कोकणाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. मुंबईचा माणूस दिवाळीला येणार नाही, बहिणीच्या लग्नाला रजा मिळाली नाही तर गप्प बसेल, पण शिमग्याला मालकाशी भांडून येईल. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे गावातल्या तिच्या चौथऱ्यावरून, उठून घरोघरी येते, ढोल वाजतात, बायका ओटी भरतात आणि गावकार, गावचा मानकरी, पुढे होऊन देवाला गाऱ्हाणं घालतो. घरातल्या प्रत्येकाचं साकडं देवाच्या कानावर घालायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेल्या सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणून साथ द्यायची. ते लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं असतं, की झोपेतसुद्धा तोंडातून निघावं.

ती मुलगी सुट्टीला गावाला गेली आणि जाताना कॅसेट सोबत घेऊन गेली. खेळ काही घरी दाखवता येणार नव्हता, पण निदान तो आहे एवढं तरी घरच्यांना कळावं. वडील मुंबईहून टू-इन-वन घेऊन आले होते, त्यावर तिनं ती लावून दाखवली. आजीनं कानांवर हात ठेवले. वडील म्हणाले, “बिघडली ही.” ती समजवायला गेली, तोवर आईनं पुरण वाटायला हाक मारली. कॅसेट टू-इन-वनमध्येच राहिली. हे सगळं मला नंतर कळलं.

 स्पर्धेच्या दिवशी आमची फिजिक्सची लॅब खचाखच भरली होती. परीक्षक म्हणून अलोऱ्याच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीतले एक इंजिनिअर आले होते, शांत, चष्म्यावरून बघणारे. आणि संस्थेचे अध्यक्ष, जे देशावरून खास आले होते. त्यांना खेळ वगैरेमध्ये काही रस नव्हता. दुपारी मिरकरवाडा बंदरातल्या ताज्या सुरमईचं जेवण ठरलेलं होतं, त्यात होता.

मुलीचे वडील वेळेआधीच आले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर मुंबईला न्यायची पिशवी, तिच्यात कुळीथ आणि ओले काजूगर. मला नमस्कार करून म्हणाले, “बाई, मी हिचा बापूस.” मग लॅबभर नजर फिरवली, टीव्हीवर उड्या मारणारे ठिपके बघितले आणि त्यांचा चेहरा लाकडासारखा झाला. “ह्या ताच हाय ना? दुकानातला?”

“तुम्ही बसा तर,” मी म्हटलं. “तिचा नंबर आला की सांगते.”

“बसतू. आणि माजी एक कॅसेट हिच्याकडं चुकून आली हाय. ती पन घेऊन जायाची हाय. मुंबयची मानसा वाट बगतायत.”

मी “हो हो” म्हटलं. माझं लक्ष व्होल्टेजच्या काट्याकडे होतं.

एकेक गट येत गेला. क्रिकेटवाल्यांचा खेळ एकदम सफाईदार चालला, टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मग तिचं नाव पुकारलं. ती उठली, कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली, आज्ञा टाइप केली, बटण दाबलं.

काही नाही. टीव्हीवर नुसता ठिपका लुकलुकत राहिला.

तिनं कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. पुन्हा काही नाही. मी कापूस स्पिरिटमध्ये भिजवून टेपचं हेड पुसलं.  तिसऱ्यांदाही तेच. लॅबमध्ये कुजबुज सुरू झाली. परीक्षक म्हणाले, “पिन काढून ऐकून बघा, कॅसेटवर काही आहे तरी का.”

मी टेपरेकॉर्डरमधली, यंत्राला जोडलेल्या वायरची पिन उपसली; ती काढली की आवाज स्पीकरवर येतो.

आणि लॅबभर ढोल घुमला. ढोल, ताशा, बायकांचा गलका, मग एकदम शांतता, आणि एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज. “बा देवा म्हाराजा! ही तुजी लेकरा पोटामागं मुंबयला गेली हायत, ज्यांस्नी रजा नाय गावली तीपन तुज्याच पायाशी हायत असा समज. तेंच्या घेतल्या कामाला यश दे, तेंच्या पोराबाळांची राखन कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” कॅसेटमधले लोक म्हणाले.

आणि त्यांच्यासोबत अख्खी लॅब. मुलगे, मुली, दारातला शिपाई, हेडक्लार्क आणि मीसुद्धा. कुणी ठरवून नाही म्हटलं. म्हणून झाल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मागच्या बाकांवर हशा फुटला. अध्यक्षांनी विचारलं, “हा खेळाचाच भाग आहे का?”

ती हसली नाही. टेपरेकॉर्डरवर हात ठेवून उभी होती. तिनं बटण दाबून आवाज बंद केला आणि मान वर करून फक्त वडिलांकडे बघितलं.

ते उठून उभे राहिले होते. “ती खरखर... ती बिघडलेली नव्हती?”

तिनं मानेनं नाही म्हटलं.

गावातल्या ज्या माणसांना रजा मिळाली नव्हती, त्यांना मुंबईत गावकऱ्यांच्या सामाईक खोलीवर ऐकवायला त्यांनी देवाचं गाऱ्हाणं टेप केलं होतं. पालखी अंगणात आली तेव्हा टू-इन-वन तुळशीपाशी ठेवला आणि आत असलेल्या त्या बिघडलेल्या कॅसेटवरच बटण दाबलं. चांगली कॅसेट कशाला वाया घालवा! आणि पोरीनं दुसऱ्या दिवशी आपली म्हणून तीच उचलून आणली. तिनं एकाच बाजूवर पाठोपाठ दोन प्रती घेतल्या होत्या, मीच सांगितल्याप्रमाणे. गाऱ्हाणं ऐसपैस होतं, अख्खी बाजू भरली. दोन्ही गेल्या.

अध्यक्ष म्हणाले, “चला, मग हा विषय संपला. जेवायला जायचं का?”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत तीच बोलली. वर्गात तोंड न उघडणारी ती मुलगी परीक्षकांना म्हणाली, “सर, मी परत टाइप करते.”

“लिहून आणलंय?”

“वहीत सुरुवातीचं आहे. पुढचं मशीनवरच वाढवलं होतं. आठवतंय मला.”

इंजिनिअर साहेबांनी चष्मा काढून पुसला. “बक्षीस समारंभ चारला आहे. तोवर करा. त्यानंतर मला घेता येणार नाही.”

ती बसली. अध्यक्ष आणि बाकी मंडळी सुरमईकडे गेली. तिचे वडील मात्र उठले नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन तिसऱ्या बाकावर तसेच बसून राहिले. मी त्यांना जेवायला चला म्हटलं तर “नाय, हितंच बरा हाय” म्हणाले.

मार्च महिना. उकाडा असा की बसल्या जागी घामाच्या धारा. तरी मी सगळे पंखे बंद केले, कारण व्होल्टेजचा भरवसा नव्हता. मिरकरवाड्याला बोटी लागल्या की दुपारी बर्फाचे कारखाने जोरात चालतात, आणि ते चालले की आमच्याकडचे दिवे मान टाकतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. क्रिकेटवाल्या मुलांनी आपणहून दोन्ही यंत्रं बंद केली. भार कमी होईल म्हणाले. त्यांचा खेळ तेव्हा यंत्रात चढवलेला होता, पुन्हा चढवायला लागणार होता, तरी. ज्या पोरांना मी वर्षभर टवाळ म्हणून हिणवत होते, त्यांनी त्या दिवशी मला गप्प केलं.

ती टाइप करत होती. मधेच थांबायची, डोळे मिटायची, ओठ हलवायची आणि पुन्हा सुरू व्हायची. एकदा बराच वेळ थांबली. वांदराच्या उडीचा भाग तिला आठवेना. तिनं हात मांडीवर ठेवले आणि रडू आवरायला लागली, खालचा ओठ दातांत धरून. मला जाऊन तिला सांगता येण्यासारखं काही नव्हतं. तो खेळ तिच्याच डोक्यात होता, जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मागून तिचे वडील हळूच म्हणाले, “काय अडला गो?”

“वांदर उडी मारायच्या आधी कसं करतं ते...”

“मागं सरतंय ना,” ते म्हणाले. “ढुंगान मागं करतंय आनि मग झेपावतंय.”

ती हसली. रडता रडता हसली आणि टाइप करायला लागली.

पडद्यावरचं चित्र आक्रसायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोटी लागल्या. कडेनं काळी पट्टी सरकत आत येत होती. स्टॅबिलायझर कटकट करायला लागला. “थांब,” मी ओरडले, “जेवढं झालंय तेवढं आधी कॅसेटवर घे!”

आणि मग कळलं की घ्यायचं कशावर. बाजारात दुपारी दुकानं बंद, रत्नागिरीतली वामकुक्षी काही कुणासाठी मोडत नाही. बाकीच्या गटांच्या कॅसेटा त्यांच्या खेळांनी भरलेल्या. उरली हीच कॅसेट. तिच्या एका बाजूला देवाचं गाऱ्हाणं.

तिनं हात आखडला. “ते नाही पुसणार मी.”

तिचे वडील उठून यंत्रापाशी आले. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढी ओढाताण इतक्या जवळून बघितली. मुंबईच्या खोलीवरची माणसं वाट बघत होती, त्यांना यांनी शब्द दिला होता, आणि ते देवाचं होतं. ते कॅसेटकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पूस ता.”

“आबा, नको.”

“पूस मनतंय ना. देव काय रागवायचा नाय. मानसास्नी मी सांगीन.”

मी मध्ये घुसले, कॅसेट ओढून काढली आणि उलटी केली. दुसऱ्या बाजूला अध्यक्षांचं भाषण. पाठीवरचा तुकडा मोडलेला, बटण दाबेना. “ह्या भोकात काहीतरी कोंबायला हवं,” मी म्हटलं, “कागद, चिंधी, काही पण!” वडिलांनी खिशात हात घातला आणि सकाळच्या एस.टी.चं तिकीट काढलं. घडी घालून घालून त्याची वाटाण्याएवढी गोळी केली आणि त्या भोकात नेमकी बसवली. बटण दबलं.

दारातून हेडक्लार्कचा आवाज आला, “मॅडम, ती भाषणाची बाजू आहे!”

“ठाऊक आहे मला,” मी मागे न बघता म्हटलं.

टेपरेकॉर्डर सेलवर होता, त्याची चिंता नव्हती. पण यंत्राला वीज लागत होती, आणि टीव्हीवरचं चित्र आता पोस्टकार्डाएवढं उरलं होतं. कॅसेट फिरत होती. कुणी हलत नव्हतं. तिचे वडील दोन्ही हात जोडून उभे होते, देवापुढे की यंत्रापुढे, त्यांनाच माहीत. शेवटी पडद्यावर ठिपका परत आला, म्हणजे उतरवून झालं. तिनं बटण बंद केलं, आणि तिचं बोट अजून बटणावरच होतं तोच लाईट गेली.

 लाईट परत आल्यावर तिनं कॅसेट मागे घेतली, यंत्र लावलं आणि आम्ही सगळे त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. मग एक वांदर आलं. मग दुसरं. झाड आलं. आंबे आले. मी कुणालातरी मिठी मारली, बहुतेक क्रिकेटवाल्या गटातल्या एका मुलाला, कारण तो नंतर महिनाभर माझ्या वाटेला आला नाही.

राहिलेला थोडा भाग तिनं घाईनं पुरा केला, तोही कॅसेटवर घेतला. चारला जेवून सुस्तावलेले अध्यक्ष आणि परीक्षक आले. परीक्षकांनी स्वतः खेळून बघितलं, दोनदा हरले आणि मग तिच्या वडिलांना म्हणाले, “या, तुम्ही बसा.”

ते खुर्चीच्या टोकावर बसले. आंबे भराभर संपले, वांदरांनी त्यांना धडा शिकवला. पण त्यांचं लक्ष हरण्याकडे नव्हतंच. ते खेळत होते आणि मधेच वळून पोरीकडे बघत होते. एका वांदरानं अंग चोरून उडी मारली तेव्हा ते मोठ्यांदा म्हणाले, “ह्या आपल्या परड्यातला! मोडकं शेपूट हाय त्याला!” खरंच तिनं एका वांदराची शेपटी अर्धी ठेवली होती. मी महिनाभर तो खेळ बघत होते, मला दिसली नव्हती.

बक्षीस क्रिकेटला गेलं. ते रास्तच होतं, तिचा खेळ घाईत पुरा झालेला आणि दोन ठिकाणी अडखळत होता. पण बक्षीस मिळालं असतं तर वडिलांना सांगायला एक दाखला झाला असता, म्हणून मला फार वाईट वाटलं. समारंभ चालला असताना कुणीतरी तिची कॅसेट पिन काढून चालू ठेवली, आणि वांदरांची चिरचिर संपल्यावर उरलेलं भाषण बोलायला लागलं. अध्यक्षांनी कान टवकारले. “हा माझाच आवाज ना?” “हो सर,” मी म्हटलं, “अजून आहे आमच्याकडे.” त्यांना बरं वाटलं.

तिच्या वडिलांची गाडी जवळ आली होती. त्यांनी कॅसेट मागून घेतली. कॅसेटच्या पाठीवरच्या भोकातली तिकिटाची गोळी नखानं उकरून काढली आणि खिशात टाकली. मग उलटी करून गाऱ्हाण्याच्या बाजूचा तुकडाही किल्लीनं मोडला. दोन्हीकडून बोटानं चाचपून बघितलं. “आता कोन पुसनार नाय,” ते म्हणाले.

मी धीर करून विचारलं, “मग जूनचं काय ठरवलंत?”

“बगू,” ते म्हणाले. पिशवी खांद्यावर टाकली. दारात थांबून, माझ्याकडे नाही, टीव्हीकडे बघून म्हणाले, “दुकानातली पोरा खेळतात. हिना केलान.” आणि गेले.

‘बगू’ या शब्दाचा मी त्या उन्हाळ्यात धसका घेतला. कोकणी माणसाच्या ‘बगू’मध्ये होकारही मावतो आणि नकारही. परीक्षा झाल्या, मुलगी गावाला गेली, आणि मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. आई म्हणाली, तुझा टीव्ही परत आला, आता तरी माणसात ये. पण मला रोज ती मुंबईच्या कुठल्याशा खोलीत खोकी चिकटवताना दिसायची.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि पहिल्याच दिवशी ती लॅबच्या दारात उभी होती. छत्रीतून पाणी गळत होतं. मी इतकी रागात होते की आधी तिलाच ओरडले, “एक पत्र नाही टाकता आलं?”

“आबांनीच कॉलेजात परत नाव घातलंन, मॅडम,” ती म्हणाली. “परवा काका मुंबईहून आला, त्यानं सगळं सांगितलंन.”

आबा खोलीवर पोचले त्या संध्याकाळी गावची सगळी माणसं जमली होती. त्यांनी गाऱ्हाणं लावलं. रजा न मिळालेले हात जोडून बसले, दर वाक्याला साथ देत गेले, एक-दोघं रडले. गाऱ्हाणं संपल्यावर आबांनी कॅसेट उलटी करून लावली. खरखर सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, बिघडली, बंद कर. आबा म्हणाले, “बिघडली नाय. माज्या पोरीची हाय. गप ऐका.”

काहीच कळत नव्हतं, तरी कुणी उठलं नाही. सगळ्यांनी ती चिरचिर शेवटपर्यंत ऐकली. ती संपून अध्यक्षांचं भाषण सुरू व्हायच्या आत आबांनी बटण बंद केलं, आणि कोपऱ्यात हात जोडून बसलेला एक म्हातारा म्हणाला, “व्हय म्हाराजा.”